पांझरेच्या वाळूतलं रिकामं आळं

या सदरात लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण सुरुवातीलाच सांगतात, की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझं त्याहून थोडं अवघड आहे. माझा आजही नाही. आमचं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर. नवस, अंगात येणं, दृष्ट, उतारा... यांतलं काही उंबऱ्याच्या आत आलं नाही. चौफुलीवर कोणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, की आबा – माझे वडील – ते उचलून घरी आणायचे, धुवायचे आणि सरबत करून आम्हा भावंडांना पाजायचे. "उतारा फार चांगला लागला," म्हणायचे.

अशा माणसाच्या मुलीने हे लिहावं का, हा विचार करण्यात बरीच वर्षं गेली. लिहायला घेतलं तेव्हाही दोन ओळींवर पेन ठेवून दिलं होतं. पण जे झालं ते भीतीचं नव्हतं. आनंदाचं होतं. म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी अमळनेरला एका वाचनालयात ग्रंथपाल होते. अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या एस.टी.ने निघालं, की वाटेत एक फाटा लागतो. तिथे उतरून बैलगाडीने पांझरेकडे जायचं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. नदीकाठी एक पडीक रान, त्याला लागून पांढऱ्या वाळूचा मोठा सपाट पट्टा आणि पलीकडे उंच दरड. वैशाखात नदी म्हणजे मधूनमधून डोह, बाकी सगळी वाळू. बुद्धपौर्णिमेला धरून तिथे भीमगीतं गाणाऱ्या आमच्या गायनपार्ट्यांचा मेळा भरायचा. धरणगाव, चाळीसगाव, धुळे, कुठून कुठून मंडळी गाड्या जुंपून यायची, पालं ठोकायची आणि दोन-तीन दिवस वाळूतच राहायची. ऊन उतरलं की गाणी सुरू. दरडीवर आपटून आवाज परत यायचा, तेव्हा एका पार्टीच्या दोन पार्ट्या झाल्यासारखं वाटायचं.

ती जागा नानांची. नाना म्हणजे गावातले शेतकरी, आबांचे शाळासोबती. दोघांची भेट झाली की एक 'राम राम' म्हणायचा, दुसरा 'जय भीम', आणि मग दोघंही हसायचे.

आबा स्वतः गात नसत. त्यांचं काम जागेचं. मेळ्याच्या आदल्या दिवशी ते एकटे जायचे आणि सगळा पट्टा पायाखाली घालायचे. चुली कुठे खणायच्या, पिण्याच्या पाण्याचा झिरा कुठे काढायचा, भांडी त्याच्यापासून किती लांब घासायची, परसाकडची वाट कुठल्या बाजूला – सगळं तेच ठरवायचे. भोंग्याचं तोंड नदीकडे, गावाकडे नाही. गावात कोणी आजारी असतं, कोणाचं तान्हं झोपलेलं असतं. जेवायला घरून आणलेली ताटं, नाहीतर पळसाच्या पत्रावळी. निघताना चुली बुजवायच्या, टरबुजाच्या साली नानांच्या गुरांना घालायच्या. "पाहुण्यानं असं जावं," ते म्हणायचे, "की घरवाल्यानं विचारावं, आले होते का?"

आणि टिटव्या. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या वाळूत, खड्यांमध्ये अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात, पायाखाली गेली तरी कळत नाही. आबा एकेक अंडं हुडकून काढायचे आणि भोवती नदीतल्या गोट्यांचा गोल मांडायचे. त्याला ते आळं म्हणत. गोटे उलटे ठेवायचे, म्हणजे वाळूत रुतलेली काळपट बाजू वर. पांढऱ्या वाळूत ते लांबून दिसतं. डोहाच्या बाजूला एका गोट्याची जागा मोकळी सोडायची, पिलं निघाली की त्या वाटेने पाण्याकडे जावीत म्हणून. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन पोचली की त्यांच्या गाड्या, पालं, सतरंज्या सगळं आळ्यांना वळसा घालून. लहान पोरंसुद्धा आळ्यात पाय टाकत नसत.

त्या हिवाळ्यात आबा गेले. झोपेत, शांतपणे. मला मात्र शांत होता येईना. वाचनालयात कोणी पुस्तक मागितलं की देत असे, घरी येऊन भिंतीकडे बघत बसत असे.

फाल्गुनात नाना घरी आले. चहा घेतला, आबांच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "आबा व्हतात तवलगून माले फिकीर नव्हती, ताई. आते कोन देखी?"

त्याच साली वरच्या अंगाला एका लग्नाचं वऱ्हाड नदीत उतरलं होतं. त्यांनी टाकलेली काच नानांच्या बैलाच्या खुरात गेली होती. बैल अजून लंगडत होता.

"मी बघेन," मी म्हणाले. कसं म्हणाले कोण जाणे.

नाना जरा थांबले. "बरं. यंदाना साल देखसू. जागा जशी दिधी तशी परत भेटनी, ते पुढला साल येज्यात. नही ते मी तठे टरबूजनी वाडी लावसू."

म्हणजे मेळा राहतो की जातो, ते माझ्यावर आलं. आबांचं एवढंच एक काम मागे उरलं होतं आणि तेही माझ्या हातून जायची वेळ आली होती.

आदल्या दिवशीच जायचं ठरवलं होतं, पण वाचनालयाची पुस्तकमोजणी लांबली आणि मेळ्याच्या दिवशीच, अगदी सकाळी पोचले. बरोबर माझा चुलतभाऊ सुदामभाऊ आणि त्याची बायको. तिला मी भाबी म्हणते. सुदामभाऊ आमच्या पार्टीचा मुख्य गायक, त्यामुळे गाडीत ढोलकी मांडीवर आणि पेटी उशाला. आमच्या आधी तिथे कोणीच आलेलं नव्हतं.

वाळूवर उतरलो आणि सुदामभाऊ थांबला.

"ताई, तू काल येल व्हती का?"

"नाही रे."

"मंग हाई आळं कोनी मांडं?"

पट्ट्याच्या अगदी मधोमध, जिथे दर वर्षी गाण्याची सतरंजी पडायची तिथे, गोट्यांचा गोल होता. काळी बाजू वर. डोहाकडे एक गोटा मोकळा. आत मात्र काही नव्हतं. अंडं नाही, पीस नाही. मी गुडघ्यांवर बसून इंच न् इंच पाहिलं... नुसती वाळू.

मग एका गोट्याला हात लावला. तो ओला होता.

वैशाखात खानदेशचं ऊन कसं असतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. वाळूतून नुकताच उलटलेला गोटा खालून ओला असतो, पण त्या उन्हात चहा पिऊन होईपर्यंत कोरडा पडतो. सूर्य चांगला वर आला होता. मी सगळे गोटे चाचपले. सगळे ओले.

मी काठावर नानांच्या झोपडीकडे गेले. नाना बाजाराला टरबुजं घेऊन गेले होते, अक्का – त्यांच्या पत्नी – दारात भाकरी थापत होत्या. "कोनीच उनं नही, बाई," त्या म्हणाल्या. "सकायथीन मी आठेच शे. कुत्रं भी भूकनं नही."

खाली येऊन बाकीचा पट्टा मी पायाखाली घातला. कडेला टिटवीची अंडी सापडली, त्यांना आळी मांडली. तोवर गाड्या यायला लागल्या होत्या आणि मधल्या आळ्यावरून वाद सुरू झाला होता.

"अंडं नही, पिलू नही, रिकामं आळं," सुदामभाऊ म्हणत होता. "कोना तरी पोरेसना खेळ. उचला गोटा, टाका सतरंजी! दरडनासमोर हाईच एक जागा शे."

भाबीने कमरेवर हात ठेवले. "मोठा गायक शेतस तुम्ही! धा पावलं सरकनात तं गळा फाटी जाई का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी बुद्धी सुदामभाऊच्या बाजूने होती. रिकाम्या गोलासाठी मेळा हलवणं आबांनाही पटलं नसतं. पण त्या ओल्या गोट्यांचा थंडावा अजून माझ्या बोटांना होता. तोंडातून निघालं, "राहू दे ते. सतरंजी खालच्या अंगाला घ्या."

मग काय विचारता! धरणगावच्या पार्टीचे म्होरके गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "काय ताई, रिकाम्या जागाले राखन बसाडेल शे का?" दिवसभर हाच विनोद चालला. कोणी आळ्याला हात जोडून जायचं, कोणी "आत कोण राहतं हो?" विचारायचं. मी ओशाळून हसत होते... आबा गेल्यानंतर पहिल्यांदाच हसत होते, हे मात्र मागाहून लक्षात आलं.

चहाच्या वेळी एका उत्साही तरुणाने धुळ्याहून आणलेले प्लॅस्टिकच्या कपांचे गठ्ठे बाहेर काढले. तेव्हा ते नुकतेच आले होते आणि त्यांत चहा पिणं मोठ्या घरचं वाटायचं. भाबीने ते गोडीने त्याच्याच पिशवीत परत घातले आणि घरून आणलेले स्टीलचे पेले मांडले. लग्नात आहेर आलेले, त्यामुळे प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. "मी मामांच्या पेल्यात पितोय!" "अरे, मग मी तुझा मामा झालो!" असा गोंधळ. चहा झाल्यावर पेले राखेने घासून पुन्हा गोणीत.

संध्याकाळी गाणी झाली. आवाज दरडीवरून नीट परत येत नव्हता. सुदामभाऊ अधूनमधून आळ्याकडे आणि मग माझ्याकडे रागाने पाहत होता. चांदणं मात्र दुधासारखं पडलं होतं आणि पोरं गाता गाता वाळूतच आडवी झाली.

सकाळी भाबीने मला हलवलं. "ताई, ऊठ. बोलू नको. नुसती चाल."

मी तिच्यामागे गेले. आळ्याच्या मधोमध टिटवी बसली होती.

आम्हाला पाहून ती उठली, ओरडत दोन पावलं बाजूला झाली. वाळूत एक अंडं होतं. तपकिरी, काळ्या ठिपक्यांचं, कालपर्यंत तिथे नसलेलं. भोवती पालं, बैल, ढोलक्या, शंभर माणसांचे पाय... आणि त्या सगळ्याच्या मध्ये या पाखराने येऊन अंडं घातलं होतं.

बातमी पालांपालांतून कुजबुजत गेली. माणसं चवड्यांवर चालत येऊ लागली. काल हात जोडून चेष्टा करणारे धरणगावचे म्होरके आज खरोखर हात जोडून उभे राहिले आणि मग आपले हात कोणी पाहिले का म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. सुदामभाऊ म्हणाला, "आज माईक नही. गळा शे ना!"

त्या दिवसाची गाणी मी आयुष्यात विसरणार नाही. ढोलकीवर टॉवेल टाकला होता, नवरीच्या डोक्यावर पदर असावा तसा. टाळ्या दोन बोटांच्या. सगळे हळू गात होते, आणि हळू गायला लागल्यावर शब्द पहिल्यांदाच नीट ऐकू येत होते. टिटवी बसून होती. चाळीसगावच्या पार्टीतल्या एकाचा सूर जरा घसरायचा. तो गायला लागला की ती 'टी-टिव-टिव' करून ओरडायची. दोनदा असं झाल्यावर सगळा मेळा तोंडात उपरणी कोंबून हसत सुटला. तो बिचारा म्हणाला, "हाई ते मन्ही बायकोनी धाडेल शे!" मी इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते थांबेना. भाबीने माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं, ते मलाही कळलं नाही. गाणं मात्र कोणी थांबवलं नाही, त्याचं फार बरं वाटलं.

निघायच्या सकाळी आळ्यात दुसरं अंडं होतं. आम्ही चुली बुजवल्या, पालांचे खड्डे पायांनी सारखे केले, गुटख्याची एक पुडी सापडली तीसुद्धा उचलली. साली गुरांसमोर गेल्या. नाना काठावरून उतरले, मागे हात बांधून सगळा पट्टा फिरले. झिऱ्यापाशी वाकून पाहिलं. मग ते मधल्या आळ्याशी आले. टिटवी ओरडत त्यांच्या डोक्यावरून गेली, तसे ते मागे सरकले आणि खाली बसले.

"अक्कानी सांगं माले," ते म्हणाले. "हाई तू मांडं?"

"नाही, नाना."

"सुदामनी?"

"नाही."

ते त्या मोकळ्या सोडलेल्या गोट्याच्या जागेकडे बघत राहिले. डोळे उपरण्याने पुसले.

"मन्हाकडे काय देखस?" ते एकदम म्हणाले. "आते हाई जागा मन्ही नही. टिटवीनी शे. पुढला साल येज्यात, पन तिले इचारीसन."

सुदामभाऊने आनंदाने ढोलकीवर थाप मारली आणि टिटवीने त्याला दरडीपर्यंत पळवलं.

मेळा पुढे बरीच वर्षं भरला. मी त्यानंतर शोध घ्यायचा प्रयत्न केला. गावातल्या पोरांना विचारलं, गुराख्यांना विचारलं. कोणीच हो म्हणालं नाही, आणि गोटे ओले कसे, याला तर काहीच उत्तर मिळालं नाही. एवढ्या गर्दीत टिटवीने तीच जागा का धरली, याचं कारण एका पुस्तकात सापडलं असं वाटलं होतं. अंडी घालण्याआधी टिटवी वाळूत छातीने उथळ खळगा करून ठेवते. म्हणजे तिने जागा आधीच निवडली असणार. तो खळगा पाहून कोणी आळं मांडलं असणार. इथपर्यंत सगळं विज्ञानाला धरून आहे. पण तो खळगा ओळखू येईल असा एकच माणूस मला माहीत होता, आणि त्याला जाऊन तेव्हा सहा महिने होत आले होते.

दर वर्षी मी आदल्या दिवशीच जात असे. अंडी सापडली की आळं मांडत असे, काळी बाजू वर, पाण्याकडे एक वाट मोकळी. खळगे मात्र मला कधीच ओळखता आले नाहीत. बैलाच्या खुराचा ठसा कुठला आणि पाखराने निवडलेली जागा कुठली, हे वाळूवर ओणवं होऊन कितीही पाहिलं तरी समजत नसे. त्यामुळे रिकामं आळं मी एकदाही मांडलं नाही.