दोन पेडलांची गाडी

बाई गेल्या होत्या त्या गाडी नको म्हणायला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याचं खापर लोक उगाच मास्तरांच्या डोक्यावर फोडतात.

मास्तर आणि बाई हे नवराबायको. दोघांनी मिळून मोटार शिकवायची शाळा काढली आणि अर्ध्या गावाला गाडी शिकवली. कामाची वाटणी सरळ होती. मास्तर रस्त्यावर, बाई खोलीत. रस्त्याकडेच्या त्या खोलीत भिंतभर खुणांचे फलक आणि मधल्या टेबलावर खडूने आखलेला चौक. त्यात खेळण्यातल्या गाड्या सरकवत बाई विचारायच्या, "आता आधी कोण जाणार?" उत्तर चुकलं की चुकणाऱ्याची गाडी सरळ दुसरीवर नेऊन आदळायच्या आणि म्हणायच्या, "मेलात. पुढचा!" ऐकणारा जन्मात विसरायचा नाही.

गंमत अशी की बाईंना स्वतःला गाडी येत नव्हती. लहानपणी ताप येऊन डावा पाय अधू झाला होता. काठी घेऊन चालायच्या बऱ्यापैकी, पण त्या पायात काही दाबायचं बळ नव्हतं. आणि मास्तरांच्या शाळेत गाडी म्हणजे क्लच. क्लच आला की बाकीचं आपसूक येतं, असं त्यांचं ठाम मत. ऑटोमॅटिक गाडीचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचं तोंड कडू व्हायचं. "ते काय गाडी चालवणं? ते सोफ्यावर बसणं!" त्यामुळे बाईंना गाडी येणं शक्य नाही, हे घरात कधीच ठरून गेलं होतं. त्यावर भांडण नाही, रडारड नाही. बाईंनीही तो विषय कधी काढला नाही. काढून करणार काय?

तर शाळा दुसऱ्यांच्या हवाली केली आणि घरी बसलेल्या मास्तरांच्या डोक्यात खूळ शिरलं. गाडी घ्यायची, जुनी चालेल, पण बडी. चारही चाकांना जोर असलेली, आत चामड्याच्या सीटा, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. नवी होती तेव्हा ती बड्या लोकांच्याच दारात दिसायची. आता वय झालं, मालक बदलले, आणि ती उतरली एका साध्या छोट्या गाडीच्या भावात. मास्तरांनी उभा जन्म खरखरत्या गाड्यांत, दुसऱ्यांचे गचके खात काढला होता. त्यांना हौस वाटली तर नवल नाही. पण सकाळच्या चहाला तेच, रात्रीच्या जेवणाला तेच? बाईंचे कान किटले.

"आपल्या गावात चढ तरी आहे का, चारही चाकांनी चढायला?" बाई विचारायच्या.

"नसू दे. असता तर चढली असती, हे माहीत असलं की झालं."

"अहो, त्या धुडाला पोसायचं कुणी?"

यावर मास्तर वर्तमानपत्र उघडून त्यामागे गायब व्हायचे.

शेवटी ठरलं, एकदा तिघांनी जाऊन बघून यायचं. मास्तर, बाई आणि बाईंचा धाकटा भाऊ. भाऊ पक्का मेकॅनिक. तो आणि मास्तर एकमेकांची खोडी काढल्याशिवाय चहाचा घोट घेत नसत. बाईंनी त्याला आदल्या दिवशीच बजावलं, "काहीतरी खोट काढ. नसली तरी काढ."

शोधायची वेळच आली नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या आवारात, बंद गोदामाच्या मागे, ती काळीभोर गाडी उभी होती. उभी कसली, बसली होती! पोट जमिनीला टेकायच्या बेतात.

"भाऊजी, ही तर तुमच्याहून दमलीये," भाऊ म्हणाला आणि वाकून चाकामागे हात घालून आला. "ही हवेवर उभी राहते. स्प्रिंगांच्या जागी रबरी पिशव्या असतात. त्यातली एक गळतेय."

व्यापारी एके काळी बाईंच्या टेबलावर दोनदा मेलेला. तो घाईघाईने म्हणाला, "चालू केली की उठते, मास्तर! आणि इंजिन, गिअरबॉक्स अगदी ठणठणीत."

भावाने इंजिनाला कान लावला, तेल पाहिलं, बहिणीकडे बघितलं आणि नाइलाजाने मान डोलावली.

मास्तर ऐटीत चालवायला बसले. शेजारी व्यापारी, मागे बहीणभाऊ. मास्तरांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "क्लच कुठाय?"

"ऑटोमॅटिक आहे ना, मास्तर. ह्या गाड्या तशाच येतात."

महिनाभर ह्या माणसाने त्या गाडीचं पान न् पान वाचलं होतं. तेवढंच एक कसं सुटलं, देव जाणे! पण जीव जडला की असंच होतं. मास्तर म्हणाले, "ठीक आहे. त्यात काय मोठंसं?"

गाडी उठली, सुरू झाली, अलगद निघाली. गोदामाचा कोपरा आला. वेग कमी करायचा म्हणून मास्तरांचा डावा पाय सवयीने खाली गेला. तिथे क्लच कुठला असायला? ब्रेकचं भलंमोठं पेडल होतं. गाडी गचकन थांबली. व्यापारी पट्ट्यात लोंबकळला आणि भावाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"मास्तर, डावा पाय..."

"कळतंय मला!"

पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. बाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी आवरेना. अर्ध्या गावाचा मास्तर, आणि पहिल्या दिवशीच्या पोरासारखा गचके देतोय!

"अहो, डावा पाय मागे घेऊन ठेवा," हसता हसता त्या ओरडल्या, "त्याचं इथे काही कामच नाहीये!"

बोलून गेल्या आणि मग त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. दोन सीटांमधून वाकून त्यांनी खाली पाहिलं. दोन पेडलं. दोन्ही उजव्या पायाची.

अशा गाड्या असतात हे बाईंना माहीत नव्हतं थोडंच! वर्गातल्या भिंतीवर चित्रसुद्धा होतं. पण मास्तरांनी ज्याला गाडी मानलं नाही, त्याला त्यांनीही कधी मानलं नव्हतं. आता मात्र त्या पेडलांवरून त्यांची नजर हलेना. आपणही मागावी का एकदा चालवायला? हे हसतील. छे, हसणार नाहीत, वाईट वाटून घेतील, आणि ते त्याहून वाईट.

फेरी संपली. व्यापाऱ्याने बटण दाबलं तशी गाडी फुस्स करून खाली बसली, चढणं-उतरणं सोपं व्हावं म्हणून. मास्तर उतरले ते पडेल चेहऱ्याने.

"नको," ते म्हणाले. "ह्या वयात नवा पाय कुठून आणू?"

झालं! बाईंचं काम परस्पर झालं होतं. खरं तर त्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण पडेना.

"मला एकदा बसू द्या," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"पुढे. चालवायला."

भाऊ हसणार होता, पण ताईचं तोंड बघून त्याने हसू गिळलं. मास्तर चाचरले. "अगं, पण तुझा पाय..."

"त्याचं कामच नाहीये. मघाशी मीच नाही का तुम्हाला सांगितलं?"

आवाराचं फाटक लावून घेतलं. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसे बसवले, पट्टा लावला. जन्मभर दुसऱ्यांकडून पाठ करून घेतलेलं सगळं, त्याच क्रमाने. भाऊ मागे बसला, मास्तर शेजारी. त्यांचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला.

"हात काढा," बाई म्हणाल्या. त्यांनी मुकाट्याने काढला.

गाडी बाईंना घेऊन वर उठली आणि चालू लागली. गोदामाची भिंत मागे सरकायला लागली. "अहो, जातेय! बघा ना, जातेय!" कोपरा जरा जास्तच रुंद घेतला आणि रिकामं पिंप धाडकन आडवं झालं. मागून भाऊ बोंबलला, "मेलीस, ताई! पुढचा!" बाई हसतही होत्या, रडतही होत्या आणि ब्रेक मात्र नेमका दाबत होत्या. त्यांनी आणखी एक फेरी मारली. मग कुणी न विचारता आणखी एक.

गाडी थांबली तरी मास्तर उतरेनात. "इतकी वर्षं मी ह्या गाड्यांना नावं ठेवत बसलो," ते हळूच म्हणाले, "आणि तू ऐकून घेत बसलीस." मग त्यांनी काच खाली करून व्यापाऱ्याला हाक मारली. "ही राहू दे. एखादी छोटी ऑटोमॅटिक दाखव. हिला झेपेल अशी."

व्यापारी लगेच वळला, भावाने मान डोलावली. कुणालाही गहिवरून येईल असंच ते बोलणं होतं. बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"छोटी? का म्हणून छोटी?" त्या कडाडल्या. "'तू बस गं, तुला झेपणार नाही.' आईने तेच केलं, तुम्ही तेच केलंत. मायेने केलंत, नाही कशाला म्हणू? पण जन्मभर मला झेपेल तेवढंच माझ्या वाट्याला आलं! आज पहिल्यांदा मी न झेपणारं काहीतरी हलवलंय. घ्यायची तर हीच, नाहीतर काही नको."

भाऊ पुटपुटला, "पिशवी काय, मी बदलून देईन."

मास्तरांनी पट्टा पुन्हा लावला, काच वर केली आणि गावातल्या पोरांशी बोलताना यायचा तो करडा आवाज काढला.

"आता मागे घे. सरळ तर कुणालाही जाता येतं."

बाईंनी डोळे पुसले, मागे नीट वळून पाहिलं आणि गाडी मागे घेतली.