धोंडूबाबांचं रक्त

माझं बोट एक सांगत होतं आणि मुंबईहून आलेला रिपोर्ट भलतंच.

टेबलावर कुशीवर झोपलेले धोंडूबाबा पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतले. वय सत्तरीपुढे, लघवी थेंबथेंब. पडद्याबाहेर त्यांचा मुंबईकर मुलगा सुरेश. त्याने फोनवरून सांगून वडिलांना पोलादपुरात पीएसएच्या तपासणीसाठी रक्त द्यायला लावलं होतं. नव्वदच्या दशकात ही तपासणी आमच्या महाडातही होत नसे. रक्त मुंबईला जायचं.

"डॉक्टर, पीएसए बावीस आलाय. चारच्या आत पाहिजे ना? मी बायप्सीची डेट घेऊन ठेवलीय."

पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रथिन. थोडं रक्तात झिरपतंच. कॅन्सरमध्ये जास्त झिरपतं. पण ग्रंथी नुसती वयाने फुगली किंवा तिथे इन्फेक्शन झालं, तरीही वाढतं. खात्री करायची तर बायप्सी. म्हणजे गुदद्वारातून सुई घालून ग्रंथीचे दोऱ्याएवढे तुकडे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्यात रक्तस्राव होतो, कधी ताप चढतो. बाबांचं हृदय आधीच कुरकुरत होतं. आणि गुदद्वारातून तपासताना माझ्या बोटाला लागलेली ग्रंथी मोठी, पण रबरी चेंडूसारखी मऊ, गुळगुळीत. कॅन्सर असला की ती टणक लागते. ही बावीसवाली वाटेचना.

"सुरेश, आधी रक्त पुन्हा तपासू. या वेळी मीच काढतो."

सिरिंज दिसताच धोंडूबाबा टेबलावरून निम्मे उतरले. दाराकडे तोंड करून हाक मारली, "गणू! ये रे आत. परत रगत मागतायत."

धाकटे भाऊ गणूकाका बाही वर सारतच आत आले आणि हात पुढे करून बसले. "घ्या, डाक्टर."

"तुमचं कशाला?"

"मागल्या टायमाला पण मीच दिलं ना. दादाचं नाव पुकारलं, मी उठलो. दादाला सुई बघून चक्कर येते."

"काका!" सुरेश किंचाळला.

"वरडतोस काय? एकाच आईचं रगत हाय. त्यात काय येगळं निघणार?"

मी पोट धरून हसलो. नर्स तोंडाला पदर लावून हसली. मग माझं हसू मध्येच थांबलं. ते बावीस गणूकाकांचे होते.

"गणूकाका, लघवीचा काही त्रास?"

"मला? लाकडाची मोळी घेऊन डोंगर चढतो मी!"

"मग आता टेबलावर चढा."

ग्रंथीच्या एका कडेला चिंचोक्याएवढा टणक खडा बोटाला लागला.

दोघांचं रक्त घेतलं, ज्याचं त्याचं. धोंडूबाबांचा हात सुरेशने धरला, डोळे गणूकाकांनी झाकले. बाबांचा पीएसए चारच्या आत आला. त्यांचं गोळ्यांवर भागलं. गणूकाकांचा पुन्हा बावीसच्या आसपास. सुरेशची डेट वाया गेली नाही. काकांच्या बायप्सीत कॅन्सर निघाला, पण ग्रंथीबाहेर पडलेला नव्हता. मुंबईत ऑपरेशन झालं.

पुढे तपासणीला दोघे बरोबरच यायचे. एकदा धोंडूबाबांनी विचारलं, "सायेब, मी सुईला भ्यालो नसतो तर?"

माझ्याआधी गणूकाकाच म्हणाले, "तर आज तू एकटाच आला असतास, दादा."

रक्ताचं नातं असावं तर असं. फक्त ते बाटलीत भरू नये. तेव्हापासून सुई टोचण्याआधी मी नाव विचारतो, आणि शेजारी बसलेल्या भावाचंही.