खेमाचे खोटे बोलणारे मीटर

१२ मार्च २००३, बुधवार. सकाळी गहू निवडले. दहाच्या सुमारास खेमा चव्हाण आला. हाताला विजेचा झटका बसला होता.

खेमा आमच्या गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. सातवीनंतर हिंगोलीला एका दुकानात मोटर भरायला, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायला शिकला. परवापासून गावच्या पाण्याची मोटर बंद होती. आज विहिरीवरची मोटरची पेटी उघडून त्याने वीज तपासायचे हातातले मीटर लावले, आकडा शून्य आला, म्हणजे वीज नाही. तरी सवयीने हाताची पालथी बाजू आधी लावली, म्हणून वाचला; तळहात लावला असता तर मूठ तारेवरच आवळली असती.

"बाई, मीटर खोटं बोललं," एवढेच म्हणून तो ओसरीवर उजेडाला बसला. माझे वाचायचे भिंग मागून घेतले.

मीटर उघडल्यावर तोच खजील झाला. मागे आतला काचेचा फ्यूज उडाला, तेव्हा घरच्या फ्यूजला बांधतो तशी त्याने तांब्याची तार बांधली होती. पुढे एकदा मीटरची खुंटी चुकीच्या जागी ठेवून वीज मोजली गेली. तार काही वितळली नाही, आतली वीज नेणारी बारीक पट्टी मात्र जळली.

मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत विजेची उपकरणे काचेच्या कपाटात असत. सिस्टर हात लावू देत नसत. इथे मीटरच बिघडलेले, मग तपासायचे कशाने? खेमाने टॉर्चचा बल्ब, एक सेल आणि दोन तारा घेतल्या. वाट सलग असेल तिथे बल्ब लागे. एका काळ्या ठिपक्यापाशी विझला. भिंगातूनही मला तिथे फट दिसेना. त्याने केसाएवढी तार ठेवून कथलाचा डाग दिला. त्याचा हात हलला नाही.

एवढ्यात पंचायतीचे पंप चालवणारे सटवाजी आले.

"काहून बसून राहिला रे? फ्यूजच्या जागी तार टाक अन् चल. बायाइनं माह्या दारात हंडे मांडलेत!"

"मामा, तुमी पेटीत हात घाला. मी इथून मीटर बघतो."

"मला पोरीचं लगीन करायचंय अजून!"

"मग हिंगोलीहून फ्यूज आणा. मला बी लेकरं हायेत."

सटवाजी बडबडत जीपने गेले, तीनला फ्यूज घेऊन परतले. खेमाने तो बसवला. आधी नवा सेल मोजला, मग माझ्या घरचा प्लग, मग पुन्हा तोच सेल. आकडे बरोबर आले, तरी तो लगेच उठला नाही. सगळे पुन्हा एकदा मोजले. ज्या वस्तूने सकाळी त्याचा जीव घेतला असता, तिच्यावर तो असा पायरीपायरीने विश्वास ठेवत होता. एकाहत्तर वर्षांत मी इतकी सावध श्रद्धा पाहिली नव्हती.

मग दोघे मोटरचा बिघाड शोधायला विहिरीकडे गेले.

सहा वाजून दहा मिनिटांनी नळ आला. पाणी आधी गढूळ होते. दोन हंडे आणि एक बादली भरली.