पिंपं पालथी घालायचा मंगळवार

होटगीच्या पलीकडच्या एका गावात मी आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा मला वाटायचं की 'लोक ऐकत नाहीत' ही बाकीच्या नर्सबायांची रड आहे. आपल्याला बोलायला येतं. येतंच मला, माझ्या सासूबाईंना विचारा! पण पाण्याच्या पिंपात टॉर्च मारून वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या, तर समोरची बाई पदर सावरून शांतपणे म्हणायची, "सिस्टर, पान्यातलं किडं हाय ते. पान्यात न्हाय तर कुटं ऱ्हाणार?" कप्पाळ माझं!

त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. नळाला पाणी यायचं पाचव्या नाहीतर सहाव्या दिवशी. आमचं खातं सांगतं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, घरातलं सगळं पाणी ओतून भांडी घासून वाळवा. ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरी चोवीस तास नळ असणार. मी ते दारोदार सांगत फिरायचे, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, मी चिडायचे, मग त्या मला चहा करून द्यायच्या. त्याच पिंपातल्या पाण्याचा. आणि मी प्यायचे!

त्या वर्षी आषाढाच्या तोंडावरच गावात डेंग्यू आला. पहिली तापली ती माझ्या आरोग्य उपकेंद्रासमोरच्या बोळातली चौथीतली मुलगी. अखंड बडबड. दिवसातून तीनदा येऊन माझ्या वजनकाट्यावर चढायची आणि वजन वाढलं नाही की काट्यालाच रागवायची. तिला सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणारी, कधी मोठ्यानं बोललेली ऐकली नव्हती. ती रोज संध्याकाळी मला फोन करायची. "सिस्टर, आज बी प्लेटलेट उतरल्या म्हनत्यात. किती उतरत्यात ओ अजून?" मी म्हणायचे, चढतील गं, धीर धर. फोन ठेवला की माझाच धीर सुटायचा. पोरगी घरी यायला हवी, आणि ती येईपर्यंत दुसरं लेकरू तापायला नको, एवढंच डोक्यात घोळत होतं.

त्यासाठी पिंपं रिकामी व्हायला हवी होती. कोण करणार?

त्या गावात एक रीत आहे. आषाढातल्या एका मंगळवारी अख्खं गाव बाहेर जातं. पहाटे चुली विझवायच्या, घर झाडायचं, माणसं, गुरं, कोंबड्या, झाडून सगळ्यांनी माळावर जायचं. वेशीत बाभळीची फांदी आडवी टाकली की दिवसभर आत कुणी पाऊल टाकायचं नाही. तिन्हीसांजेला आधी मरीआईची पुजारीण आत जाते, घरोघर चुली विझल्यात का बघते, आणि मग गाव आत येतं. एखाद्याची चूल धुगधुगत सापडली तर त्यानं वेशीत उभं राहून सगळ्यांसमोर आपली चूक बोलायची. तोवर सगळं गाव बाहेर तिष्ठत. मी इतकी वर्षं याला सरकारमान्य नसलेली सहल म्हणत होते.

गरज पडली तशी गेले पुजारीणबाईंकडे. सत्तरीची बाई, अर्धं कानडी अर्धं मराठी, तोंडात कायम तंबाखू. म्हटलं, "मावशी, यंदा देवीच्या नावानं एक नवा नियम घाला. बाहेर पडताना पिंपं पालथी." मला वाटलं, काय डोकं चालवलंय आपण!

ती खो-खो हसली. "अय्यो! नवा कशाला? हायच की त्यो. चूल इझवायची, घर झाडायचं, पान्याचं भांडं पालतं घालायचं, मगच उंबरा वलांडायचा. माजी सासू घरोघर बघत फिरायची. मातीचे डेरे हुते तवर पाळला समद्यांनी. मग तुमची ही निळी पिंपं आली. कोन उचलतंय? सुटला नियम."

 माझी ही फजिती गावाला दोन दिवस पुरली बोलायला.

ती मग सांगत सुटली. तिच्या सासूनं तिच्या सासूकडून ऐकलेलं, किती पिढ्या मागचं देव जाणे. घरात उंदीर पटापटा पडायला लागले की प्लेग आला समजायचं, आणि शहाणं गाव त्याच दिवशी माळावर झोपड्या घालायचं. महिने महिने तिथंच. परका पाहुणा वेशीबाहेर थांबायचा, भाकरी दगडावर ठेवून लांब सरायचं. ना डॉक्टर, ना टॉर्च, रोग कशानं होतो याचा पत्ता नाही, सगळा कारभार देवीच्या नावावर. तरी झाडा, ओता, बाहेर पडा, लांब राहा हे नेमकं सुचलेलं. सगळंच काही शहाणपणाचं नव्हतं हं. रोगाचा गाडा वाजतगाजत ओढत नेऊन शेजारच्या गावच्या शिवेत सोडून यायचे. म्हणजे आमचं झालं, आता तुमचं तुम्ही बघा! मला आमच्या मीटिंगा आठवल्या आणि हसू आलं.

मंगळवार ठरवायला आम्ही तिघं बसलो: ती, मी आणि गावात नळाचं पाणी सोडणारा. बुधवारी पाणी येणार असेल तोच मंगळवार धरायचा. देवीनं कौल दिला तो त्याला विचारूनच.

काय मंगळवार होता तो! जे मला दहा वर्षांत जमलं नाही ते एका पहाटेत झालं. दोन-दोन बाप्ये मिळून पिंपं कलंडवत होते, बोळांतून पाण्याचे लोट, बायका एकमेकींवर ओरडतायत, "अगं माज्या दारात सोडू नगंस की!" कूलरचे टब, रांजण, कोंबड्यांचे वाडगे, सगळं पालथं. मी मोठ्या ऐटीत उपकेंद्राला कुलूप घातलं आणि माळावर गेले. तिथं हुग्गी, गव्हाची गोड खीर, शिजत होती. त्या मुलीची आईही आली होती, पोरीच्या मावशीला दवाखान्यात बसवून, देवीपुढं हात जोडायला. तिनं माझ्या पानात वाढलं. "तुमी लई केलंत गावासाटी," म्हणाली. मी दोनदा मागून घेतलं.

तिन्हीसांजेला पुजारीणबाई म्हणाल्या, "चला नर्सबाई. मी चुली बघते, तुमी पिंपं बघा." मान मोठा होता! रिकाम्या गावात आम्ही दोघीच. घर, पुढचं घर, त्याच्या पुढचं. सगळीकडे पिंपं पालथी, जमीन झाडलेली. मला तर गाणं म्हणावंसं वाटत होतं.

शेवटी उपकेंद्र आलं. मी म्हटलं, "इथं कशाला, हे आमचंच आहे." ती तोवर मागच्या बाजूला गेलीही होती. "नर्सबाई," तिनं हाक मारली. "ह्ये कुनाचं?"

मागं गप्पी माशांचा हौद होता. हे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून आम्ही ते पाळतो आणि पाणी साचलेल्या ठिकाणी सोडतो. आदल्या महिन्यात आसपासच्या गावांतून तापाची कुणकुण लागली तशी मी धडाधड मासे वाटले. विहिरीत, शाळेच्या टाकीत, गुरांच्या हौदात. शेवटचे चार-पाच चहाच्या गाळणीनं काढून नेले आणि स्वतःची पाठ थोपटली. मासे गेले. पाणी राहिलं. टॉर्च लावायचीही गरज नव्हती, अळ्यांनी हौद नुसता बुजबुजला होता. आणि समोरचा बोळ ओलांडला की त्या पोरीचं घर.

 सगळ्या गावाला आईबापावरून बोलायची बाकी ठेवली होती मी, आणि माझ्याच परड्यात हे.

पुजारीणबाईंनी हौदाच्या तळाचा बोळा काढला, पाणी वाहून जाऊ दिलं. "झालं. म्या काय बगितलं न्हाय. तुमी सांगितलंत तर उद्यापासनं तुमचं कोन ऐकंल?" खरं होतं ते. मलाही तेच वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती. पण फांदीपलीकडं ती आई उभी होती. मी वेशीत गेले आणि सांगितलं. सगळं, गाळणीसकट. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, मागून कुणीतरी म्हणालं, "जरा मोट्यानं बोला की." म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

 ती आई जवळ आली. "तिला त्याच हौदातलं डास चावलं का?"

"माहीत नाही गं. असेल. नसेलही."

ती फांदी ओलांडून घरात गेली, पिशवी घेतली आणि सोलापूरच्या गाडीला निघून गेली. त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीच दवाखान्यातल्या ओळखीच्या सिस्टरला विचारायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, चढायला लागल्यात. मी उपकेंद्राचं दार लावून पोटभर रडले.

पोरगी घरी आली. बोळापलीकडून तिची बडबड ऐकू यायची, बारीक आवाजात. मला बोळ ओलांडायचा धीर झाला नाही. आठवडाभरानं एका सकाळी तिची आई तिला कडेवर घेऊन आली. एवढी मोठी मुलगी, पण अंगात काही उरलंच नव्हतं. माझ्याशी न बोलता ती तशीच मागं गेली. मी दारातून बघत होते. वाकून तिनं हौदाच्या तळावरून हात फिरवला, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला, आणि हाताला लागलेली कोरडी धूळ पदराला पुसली. मग आत येऊन लेकीला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं.

"आता बगा तिला," म्हणाली.