कशावरून बाई

आमच्या कॉलेजात बाकी सगळ्या प्राध्यापिका ‘मॅडम’ होत्या. प्राणिशास्त्राच्या त्या एकट्या ‘बाई’, आणि मुलांमध्ये त्यांचं पूर्ण नाव ‘कशावरून बाई’. वर्गात कुणी काहीही ठामपणे बोललं, की बाई चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, “कशावरून?” त्या विचारण्यात खोच नसायची. खरंच जाणून घ्यायचं असायचं. साप दूध पितो म्हटलं, की मग पुस्तकात लिहिलंय, सर म्हणाले, अशी आमची उत्तरं एकामागून एक गळून पडायची. मग आम्ही गप्प झालो की त्या खुशीत यायच्या. “आता कुठं अभ्यास सुरू झाला,” म्हणायच्या.

मी राहात्याहून एसटीनं यायचे. घरी आल्यावर आईलाही “कशावरून?” विचारायला लागले, तेव्हा आईनं माझं कॉलेज बंद करायचं बोलून दाखवलं होतं.

बाईंचे वडील उसाच्या फडात राबून पोरींना शिकवणारे. रविवारी ते लेकींना विहारात न्यायचे आणि परत येताना वाटेत सांगायचे, “कुनी सांगितलं म्हनून मानू नको. मी सांगितलं तरी मानू नको, आधी बघ.” बाई सांगायच्या, “दादांचं हे मी इतकं मनावर घेतलं, की त्यांनी आणलेलं पहिलं स्थळ मीच नाकारलं.” दुसरं स्थळ बेलापूरचं. ते त्यांनी स्वतः जाऊन बघितलं आणि पसंत केलं. त्यांचे यजमान हायस्कूलात गणित शिकवायचे. स्वभावानं गरीब. आम्ही घरी गेलो की चहा देता देता म्हणायचे, “आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलंय म्हणायचं तर दोन साक्षीदार लागतात.”

वर्गात बाईंचा एक खेळ असायचा. एखाद्या वादाच्या प्रश्नावर कोणाचं काय मत आहे ते आधी विचारायच्या आणि मग प्रत्येकाला विरुद्ध बाजूनं बोलायला उभं करायच्या. मी एकदा चिडले. जे मला मुळीच पटत नाही ते मी का मांडू? बाई म्हणाल्या, “ज्याचं पटत नाही त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडता आलं पाहिजे. मग खुशाल खोडून काढ.” त्या दिवशी मी दात-ओठ खाऊन बोलले, आणि बोलता बोलता मला माझ्याच मतातली भोकं दिसायला लागली. घरी जाताना डोकं दुखत होतं, पण मजाही येत होती.

बाईंचा स्वतःचा अभ्यासाचा विषय होता उसातला बिबट्या. आमच्याकडे प्रवरेच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, ही काही नवलाई नाही. त्याचं करायचं काय, यावर मात्र अभ्यासकांत दोन तट होते. एक म्हणायचा, पिंजरा लावून धरा आणि लांब जंगलात सोडा, हल्ले थांबतील. दुसरा म्हणायचा, एक नेला की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेला जास्त बिथरतो. त्यापेक्षा माणसांनी सावध राहावं, जनावराला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं. बाई या दुसऱ्या तटातल्या. वर्षानुवर्षं त्यांनी हेच लिहिलं, गावोगाव जाऊन हेच सांगितलं. मात्र व्याख्यानात विरुद्ध बाजू आधी मांडायच्या, आणि ती इतकी मन लावून मांडायच्या, की अर्ध्यात उठून जाणारे लोक बाई पिंजऱ्याच्याच बाजूच्या आहेत असं समजून जायचे.

बेलापुरात मात्र त्यांना ‘बिबट्याची वकीलीण’ म्हणायचे.

मी शिकून कर्जतच्या कॉलेजात नोकरीला लागले त्यानंतरची गोष्ट. बाईंची धाकटी जाऊ लता संध्याकाळी गाईसाठी घास कापायला मळ्यात गेली होती. शेजारच्या उसातून बिबट्या आला आणि त्यानं तिला मानेपाशी धरलं. बांधावर तिचा नवरा, म्हणजे बाईंचे दीर होते. त्यांनी आरडाओरडा केला, ढेकळं मारली, तेव्हा तो सोडून पळाला. लता वाचली. खांदा आणि मान मात्र शिवावी लागली.

मी कळल्यावर दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरच्या दवाखान्यात गेले. बाई लताच्या उशाशी बसल्या होत्या. रात्रभर रडलेल्या दिसत होत्या. लतानं डोळे उघडले तशा तिचा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, “लता, तू उभी होतीस का गं तेव्हा, का बसलेली?”

लताला बोलायला त्रास होत होता, तरी तिनं मान न हलवता डोळे फिरवले. “व्हय वो ताई! माझी मान धरली त्यानं, आनि तुमी इचारता उभी हुते का बसल्याली!”

“सांग ना.”

“बसूनच कापत्यात घास. उभ्यानं कोन कापतं?”

बाई लताच्या हातावरून हात फिरवत राहिल्या.

दोन दिवसांनी ग्रामसभा भरली. गाव तापलेलं होतं. बाई आत आल्या तसे मागून एक जण ओरडला, “आता बोला की! आता कशावरून?” काही जण हसले. दीर पुढं येऊन काकुळतीनं म्हणाले, “वहिनी, आता तरी म्हना, पिंजरा लावा.”

बाई उभ्या राहिल्या. “माझ्या घरातलं माणूस दवाखान्यात आहे. त्यामुळं आज माझ्या शब्दाला जास्त वजन देऊ नका. मी पिंजरा लावा म्हटलं तरी देऊ नका, नको म्हटलं तरी देऊ नका. पुरावा काय आहे तेवढं ऐका.” मग नेहमीसारखं दोन्हीकडचं सांगितलं. आणि थांबून म्हणाल्या, “इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आले, सावध राहा म्हणजे पुरे. ते चुकीचं होतं. उभ्या माणसापासून बिबट्या लांब राहतो, हे बघून मी ते बोलत होते. पण खुरपणं, घास कापणं, भाज्या तोडणं, बायकांचं निम्मं काम खाली बसून चालतं. खाली बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नसावं. हे मी कधी तपासलंच नाही. माझ्या घरातली बाई रोज मळ्यात जात होती, आणि मी तिला कधी विचारलं नाही.”



“पिंजरा लावायचा तर लावा,” बाई म्हणाल्या. “माझा विरोध नाही. पण त्यानं प्रश्न सुटेल असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. सुटणार नाही असंही आज म्हणत नाही. तोवर एवढं करा, मळ्यात एकटीला बसू देऊ नका. एकीनं काम करावं, दुसरीनं उभं राहावं.”

हे गावापुढं बोलणं एक वेळ सोपं होतं. पुढच्याच महिन्यात पुण्याला अभ्यासकांची परिषद होती आणि पिंजऱ्याविरुद्ध बोलायला म्हणून बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. मी सोबत गेले. बाईंनी तिथंही आपली चूक आधी सांगितली, मग राहिलेलं. चहाच्या वेळी त्यांच्याच तटातले एक जुने स्नेही तणतणत आले. “बाई, तुम्ही विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलंत!”

“खरं असेल तर त्यांच्या हातात असलं म्हणून काय बिघडलं?” बाईंनी विचारलं आणि त्यांना बिस्किटं पुढं केली. त्यांनी घेतली नाहीत. परतीच्या गाडीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. शिरूर मागं पडल्यावर म्हणाल्या, “वाईट वाटतं गं. पंचवीस-तीस वर्षांची मैत्री आहे.” एवढंच.

गावात पिंजरा लागला, बिबट्या सापडला, गाडीत घालून नेला. पोरांनी फटाके वाजवले. पावसाळा सरता सरता कॅनॉलच्या कडेला पुन्हा पंजाचा ठसा उमटलेला दिसला. मला बाईंचा फोन आला तशी मी हर्षानं ओरडलेच, “बाई, म्हणजे तुमचंच खरं होतं! एक नेला की दुसरा आला!”

“एका ठशावरून?” बाई म्हणाल्या. “तोच परत आला असेल. नाहीतर आधीपासूनच दोन असतील. आणि हरखायचं काय त्यात? बायकांना कळवायला हवं आधी.”

तेव्हापासून त्यांच्या गावात मळ्यात एक बाई बसलेली आणि एक उभी, अशी जोडी दिसायला लागली. उभ्या राहणाऱ्या बायका मोबाईलवर गाणी लावतात. लता त्यात पुढं. मान अजून पुरती वळत नाही, पण जीभ शाबूत आहे.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. पोटात गाठ निघाली होती. एका डॉक्टरांचं म्हणणं, ऑपरेशन लगेच करा. दुसऱ्यांचं म्हणणं, या अवस्थेत करण्यानं हालच वाढतील. बाईंनी दोघांनाही एकच विचारलं, “डॉक्टर, तुमच्या सल्ल्याविरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता?” पहिले रागावले. दुसऱ्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि तासभर समजावून सांगितलं.

मी भेटायला गेले तेव्हा त्या नगरच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. दोन्ही बाजू त्यांनी मला सविस्तर सांगितल्या, वर्गात सांगायच्या तशाच, मध्ये दम खात. मग म्हणाल्या, “दोन्हीकडं सारखंच भरतंय. तुला काय वाटतं?”

इतक्या वर्षांत बाईंनी मला माझं मत असं, आधाराशिवाय, कधी मागितलं नव्हतं. माझ्याजवळ मुद्दा नव्हता. वाचलेलं, शिकलेलं काहीच जवळ नव्हतं. मी म्हणाले, “बाई, मला तुम्ही हव्या आहात. मला बाकी काही कळत नाही.”

बाई थोडं हसल्या, माझा हात हातात घेतला. “हा काही पुरावा नाही गं,” म्हणाल्या.

आणि मी उठेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.