नऊ दिवसांचा अबोला आणि एक सहल

शिंप्याच्या बायकोने दुसऱ्या शिंप्याकडे पोलकं शिवायला टाकावं, याहून मोठा गुन्हा आमच्या घरात नव्हता. तो माझ्या आईने केला. वर तेच पोलकं घालून ती एकादशीच्या भजनाला विठ्ठलाच्या देवळात जाऊन बसली!

तिचं तरी काय चुकलं? कानडी मुलखातल्या चामराजपुरममध्ये आमचं पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. तिचं कापड तीन महिने दुकानातल्या फळीवर पडून होतं. "आधी गिऱ्हाइकांचं," असं अप्पा म्हणायचे, आणि गिऱ्हाइकं काही संपत नव्हती. त्या संध्याकाळी अप्पा टाळ वाजवत होते. त्यांची नजर बायकांच्या रांगेत आईच्या खांद्यावर गेली आणि टाळ चुकला. मी डोळ्यांनी पाहिलं.

घरी परतताना ते एवढंच म्हणाले, "बाहीच्या मुंढ्याला चुणी पडलीय."

"पडू दे. अंगावर तरी आलं," आई म्हणाली.

झालं. अबोला सुरू.

असल्या अबोल्यात घर चालतं कोणाच्या जिवावर? माझ्या, म्हणजे दहा वर्षांच्या एकुलत्या एका मुलीच्या. पडदा एका हाताने धरून मी मधोमध उभी राहायची आणि निरोप पोचवायची. अर्थात माझ्या पद्धतीने.

"तिला सांग, आमटीत समुद्र ओतलाय."

मी पडद्याआड तोंड घालून, मान वाकडी करून म्हणायची, "आई, आमटी छान झालीय. मीठ जरासं कमी चाललं असतं."

"त्यांना सांग, हॉटेलात जेवा."

"अप्पा, आई विचारतेय, ताक वाढू का?"

पडदा जुन्या सुती साडीचा होता आणि त्याच्या अलीकडचं पलीकडे स्वच्छ ऐकू जात होतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी आपली रंगून दोन्ही आवाज काढत होते. आईबापांनी मुलांसमोर एकाच सुरात बोलावं, असं आजकाल सगळे सांगतात. बरोबरच असेल. पण आमच्याकडे एकच सूर असता तर मला बोलता कसं आलं असतं, हा मला खरोखर पडलेला प्रश्न आहे.

सूर दोन होते आणि तेही पक्के. अप्पा कशालाही नाही म्हणायचे, तेही कानडीत: "बेडा!" मराठीतल्या 'नको'ला थोडी फट राहते, 'बेडा'ला नाही. आई कशालाही म्हणायची, "बघू या." तिच्या 'बघू या'चा मी 'हो' करायची आणि तो अप्पांपुढे ठेवायची, असा आमचा कारभार चालायचा.

नेमकी त्या अबोल्यात शाळेची सहल निघाली, तलकाडला. वाळूत गाडलेली देवळं बघायला अख्खा वर्ग जाणार होता. वडिलांच्या सहीची चिठ्ठी द्यायची मुदत अबोल्याच्या नवव्या दिवशी संपत होती.

"बेडा," अप्पा मशीनवरून मान वर न करता म्हणाले. "शेजारी कावेरी आहे."

"मी देवळं बघायला चाललेय!"

"नदीला ते माहीत आहे का?"

आत गेले तर आई म्हणाली, "बघू या. त्यांचं ते बघतील." म्हणजे 'बघू या'सुद्धा यावेळी उपयोगाचं नव्हतं. वर्गातल्या सगळ्या मुली वाळूवरून घसरत आहेत आणि मी घरी काजं करत बसले आहे, असं चित्र मला दिसायला लागलं. मी पडद्याबाहेर आले, पदर नसताना पदर सावरला आणि आईच्या आवाजात म्हणाले, "आई म्हणतेय, या घरात तुम्ही म्हणाल ते शेवटचं. तुम्ही नाही म्हणालात तर ती अक्षर बोलणार नाही. पण तुम्हीही लहानपणी कुठे गेला नाहीत, म्हणून तिला वाईट वाटतं."

मशीन थांबलं. आत भांड्यांचा आवाजही थांबला.

अप्पा उठले. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पडदा सरकवला. "असं म्हणालीस तू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ती सावकाश हात पुसत म्हणाली, "हो. म्हणाले."

"सगळं?"

"वाईट वाटतं, हे तर नक्कीच."

अप्पांनी गळ्यातली टेप सारखी केली. मग म्हणाले, "अगं, पण नदी..."

"अहो, मग तुम्हीच जा बरोबर!"

अय्यो! हे मी मागितलं नव्हतं. पण आता ते दोघं थेट बोलत होते आणि मला मध्ये तोंड घालायला जागाच उरली नव्हती.

अप्पांनी एक दिवस दुकान बंद ठेवलं. गळ्यात टेप तशीच राहिलेली, बसमध्ये शेवटच्या बाकावर, पन्नास मुली आणि एक शिंपी. मी लाजेने अर्धमेली. तलकाडला पोचल्यावर मी पाण्याकडे बोट दाखवलं आणि 'बेडा'ची वाट पाहिली.

"तुझ्या आईने सांगितलंय, पाय बुडवू द्या म्हणून," अप्पा म्हणाले. "घोट्यापर्यंत."

मी पाण्यात उभी राहिले. मागे अप्पा चपला काखेत मारून वाळूत उकिडवे बसले होते, माझ्या फ्रॉकचा पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरून.