गुरुमामाचा चावीचा फोनो

माझ्या आईचा थोरला भाऊ, गुरुदत्त मानकर, ठाकुरद्वारच्या एका गल्लीत एकटाच राहायचा. फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होता. मामी लग्नानंतर थोड्याच वर्षांत टायफॉइडने गेली आणि त्याने दुसरं लग्न केलं नाही. घरात सोबत होती ती जुन्या फोनोंची, म्हणजे ग्रामोफोनची. लोकांनी रेडिओ घ्यायला सुरुवात केली तसे चावीचे फोनो माळ्यावर नाहीतर भंगारात जाऊ लागले, आणि मामा ते उचलून आणू लागला. कुणाचा कर्णा चेपलेला असायचा, कुणाची स्प्रिंग तुटलेली. रविवारी सतरंजीवर सगळं पसरून तो ग्रीस लावत बसायचा आणि संध्याकाळी दार उघडं टाकून अख्ख्या मजल्याला तबकड्या ऐकवायचा.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि गिरगाव खवळलं. ऑफिसातून चालत येताना मामा गर्दीत सापडला. पुढे गोळीबार झाला म्हणून माणसं उलटी धावत सुटली. तो पडला आणि कितीतरी पाय त्याच्या उजव्या खांद्यावरून गेले. त्याला बाजूला ओढलं ते दमयंतीबाईंनी. त्या वरळी कोळीवाड्यातल्या, मामाच्या गल्लीत मासळी विकायला यायच्या. डोक्यावरची पाटी रस्त्यात टाकून त्यांनी त्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर नेलं, कुठूनशी हातगाडी मिळवली आणि हॉस्पिटलात पोचवलं. आम्हाला दादरला निरोप मिळेपर्यंत त्या त्याच्या उशाशी बसून होत्या.

हाड जुळलं, पण हातात पूर्वीचा जोर आला नाही. लिहिता यायचं, त्यामुळे नोकरी टिकली. फोनोची चावी मात्र फिरेना. डाव्या हाताने फिरवायची तर उजव्याला पेटी धरवेना. फोनो मुके झाले. मामा कुरकुर करणारा माणूस नव्हता. पण त्या घरात गेलं की मला सगळं फार शांत वाटायचं.

दमयंतीबाईंसाठी त्याने लुगडं आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. "मना कशाला, भाऊ? तुमचे जागी कोन पन असता तरी मी वढलाच असता," एवढंच म्हणाल्या आणि पाटी उचलून पुढच्या दाराशी गेल्या. माणसाने आपला जीव वाचवावा आणि आपल्याला साधं काही देताही येऊ नये, हे मामाला फार लागायचं.

पुढच्या वर्षी आईच्या ओळखीच्या, माटुंग्याच्या कालिंदीबाईंचा निरोप आला. त्यांचे यजमान गेले होते आणि त्या मुलाकडे दिल्लीला निघाल्या होत्या. घरात द्यायचे दोन फोनो होते, एक विजेचा आणि एक चावीचा. दोन्ही जुने, दोन्ही निगुतीने ठेवलेले. मामाच्या घरात जागा एकाचीच होती. खिडकीजवळचा कोपरा त्याने आदल्याच दिवशी मोकळा करून ठेवला होता. सोबत मी गेले.

कालिंदीबाईंनी आधी विजेचा लावला. बटण दाबलं आणि तबकडी संथ फिरायला लागली. अखेरपर्यंत सूर जरासुद्धा ढळला नाही. मामाने डोळे मिटले होते. इतक्या महिन्यांनी त्याचा चेहरा असा सैल झालेला पाहून मला भरून आलं.

मग त्याने चावीचा ऐकायला मागितला. चावी मी फिरवली. त्याला भला मोठा लाकडी कर्णा होता. आवाज थोडा खरखरीत, पण भरदार. मामाने दोन्हींची झाकणं उघडून आत पाहिलं. विजेच्या फोनोच्या तारांवरचं कापड विरलं होतं, पण ते बदलता आलं असतं. मोटार उत्तम होती.

"मामा, हा विजेचाच घे," मी म्हटलं. "तुला एकट्याला ऐकता येईल. कुणाची वाट बघायला नको."

त्याने दोन्हींची झाकणं लावली. मग कालिंदीबाईंना म्हणाला, "हा चावीचा द्या."

टॅक्सीत मी रुसून खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी तोच म्हणाला, "सुमे, दमयंतीबाईंचे यजमान आहेत ना, विठोबा. गुडघे गेलेत त्यांचे. समुद्रावर जाता येत नाही. दिवसभर ओटीवर बसलेले असतात. पूर्वी रविवारी बाई घरी गेल्या की ते विचारायचे, आज गिरगावात भाऊंकडे काय वाजत होतं? आणि त्यांच्या घरात लाइट नाही."

"म्हणजे हा त्यांना द्यायला घेतलास? त्या लुगडं घेत नाहीत, फोनो घेतील?"

"द्यायला नाही. ठेवायला. माझ्याकडे जागा कुठे आहे?"

खिडकीजवळच्या कोपऱ्याबद्दल मी काही बोलले नाही. टॅक्सी तशीच वरळीला गेली.

दमयंतीबाईंनी ओटीवर उतरवलेल्या पेटीकडे संशयाने पाहिलं. "भाऊ, ही देनगी नाय ना?"

"नाही हो. माझा हात चालत नाही. फोनो नुसता पडून राहिला की आतलं ग्रीस सुकतं, स्प्रिंग धरते, सुटत नाही. रोज कुणीतरी चावी द्यायला हवी."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. विठोबांनी पेटी आपल्याकडे ओढून घेतली होती.

"जास्त पिळला तं तुटंल काय?" त्यांनी विचारलं.

"तुटेल."

"मंग हलूहलू."

जाळी ओढून ओढून रुंद झालेल्या हातांनी त्यांनी अगदी सावकाश चावी दिली. मामाने कालिंदीबाईंनी सोबत दिलेल्या तबकडीवर सुई टेकवली. एक जुनं नाट्यपद होतं. शेजारच्या बायका सुकट पसरता पसरता थांबल्या. पद संपल्यावर विठोबा म्हणाले, "परत लावा."

त्यानंतर मामाचा रविवार वरळीला जायला लागला. पिशवीत तबकड्या, हातात आईने दिलेला डबा. दुपारचं पान दमयंतीबाईंकडे. आधी तो पाहुण्यासारखा बसायचा, पुढे स्वतःच पाट मांडून घेऊ लागला. कालवण तिखट झालं तर तसं सांगू लागला. हळूहळू घरचे बाकीचे फोनोही 'स्प्रिंग धरते' म्हणत एकेक करून त्याने तिकडे नेले. दमयंतीबाई काय ते समजल्या होत्या. "ठेवा, भाऊ, तो पन ठेवा," म्हणायच्या आणि जागा करायच्या. दर रविवारी विठोबा सगळ्यांना चावी द्यायचे. मामा शेजारी बसून डाव्या हाताने सुया बदलायचा.

साठ सालच्या एक मेला मीही गेले होते. मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. कोळीवाड्यात पताका लागल्या होत्या, होड्या सजल्या होत्या, बँड आणि लाउडस्पीकर यांच्यात काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तरी विठोबांनी लाकडी कर्ण्याच्या फोनोला चावी दिली. तबकडी फिरताना दिसत होती, सूर कुठेच नव्हता.

"वाजतंय का?" मी ओरडून विचारलं.

विठोबांनी पेटीवर तळवा ठेवला आणि मान डोलावली. मामानेही आपला अधू हात पुढे करून त्यांच्या हाताशेजारी ठेवला. दमयंतीबाई आतून साखरभात घेऊन आल्या.

मामा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी कान जवळ नेला.

"सुमे," तो म्हणाला, "माझं फार चांगलं झालं गं."